नाशिकच्या फाटकापाशी लिंडन लावावे का?

गंगापूर रस्त्यालगत राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी मला एक प्रश्न विचारला आहे. त्यांची कन्या जर्मनीत लाइपझिगजवळ राहते. गेल्या जूनच्या अखेरीस ते तिच्याकडे गेले होते. संध्याकाळी फिरायला निघाले की रस्ताभर मधासारखा दरवळ येई, आणि मान वर करावी तर झाडात मधमाश्यांचा गुंजारव चाललेला असे. मुलीने झाडाचे नाव ‘लिंडे’ असे सांगितले. इंग्रजीत तेच लिंडन. परतल्यावर त्यांनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘लिंडन’ म्हणून एक रोप मागवले. ते आता दीड फुटाचे झाले असून त्याची पाने हृदयाकृती आणि कडेला दातेरी आहेत. हे रोप खरोखर लिंडनचे आहे का, असल्यास बंगल्याच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना अशी दोन झाडे वाढवता येतील का, आणि मुलीला तिकडे नव्या घराच्या परसात लिंडन लावायचे आहे तर तिने कोणते निवडावे, असे त्यांचे विचारणे आहे.

गेली 28 वर्षे मी नाशिक परिसरात बागांची आखणी आणि वृक्षलागवड करते, आणि एक लहानशी रोपवाटिकाही चालवते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात पानाची वरची बाजूच दिसते; तेवढ्यावरून रोपाची जात ठरवणे योग्य होणार नाही. पण ती आपली आपल्याला कशी ठरवता येईल, ते सांगता येते. लागवडीबद्दलचे माझे मत आधीच सांगून टाकते: मुलीने अवश्य लावावे, आपण नाशिकला लावू नये. आपल्याला फाटकापाशी दाट सावली, संध्याकाळचा वास आणि मधमाश्यांची वर्दळ हवी आहे, असे आपल्या पत्रावरून दिसते. या तीनही गोष्टी इथे मिळू शकतात, मात्र त्या एकाच झाडात मिळतीलच असे नाही.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. ब्रिटनमध्ये याच झाडाला ‘लाइम’ म्हणतात. त्यामुळे एखाद्या इंग्रजी मजकुरातील ‘लाइम ॲव्हेन्यू’चे मराठीत ‘लिंबाच्या झाडांची वाट’ झालेले मी पाहिले आहे, आणि आपल्याकडे लिंब म्हणजे कडुनिंबही होत असल्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तिसरेच झाड उभे राहते. लिंबाशी किंवा लिंबूशी या झाडाचा काहीही संबंध नाही. अमेरिकेत याच्या जवळच्या नात्यातल्या झाडाला बासवुड म्हणतात. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मॉडेल करण्याच्या पातळ, मऊ लाकडामुळे हे नाव ठाऊक असते. आपल्या मुलीच्या शहराचे नावसुद्धा या झाडावरून पडले आहे. लाइपझिग हे जुन्या स्लाव्ह भाषेतील ‘लिंडनची जागा’ अशा अर्थाच्या शब्दापासून आले. पोलिश भाषेत जुलैला ‘लिपिएत्स’ आणि क्रोएशियन भाषेत जूनला ‘लिपान्य’ म्हणतात; दोन्हींच्या मुळाशी लिंडनच्या फुलोऱ्याचा महिना आहे, फक्त दक्षिणेकडे तो थोडा लवकर येतो. वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाची घडी बसवणारे कार्ल लिनियस यांचे आडनावही घराण्याच्या शेतावरील एका मोठ्या लिंडनवरून त्यांच्या वडिलांनी घेतले होते.

आणखी एक गोष्ट पांडवलेण्यांच्या गावात राहणाऱ्या आपल्याला रुचेल. चीन आणि जपानमध्ये बौद्ध विहारांच्या आवारात ‘बोधिवृक्ष’ म्हणून एक झाड लावले जाते. तिथल्या थंडीत आपला पिंपळ टिकत नाही, म्हणून हृदयाकृती पानाचे जवळचे झाड शोधताना त्यांनी एका पौर्वात्य लिंडनला तो मान दिला. हवामानामुळे पिंपळाच्या जागी लिंडन आला. आपल्याला नाशिकला करायचे आहे ते नेमके याच्या उलट.

आता ओळख. पानावरून लिंडन ओळखू नये, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते. हृदयाकृती, दातेरी पाने असंख्य झाडांना असतात. लिंडनची पक्की खूण फुलोऱ्याच्या देठावर असते. त्या देठाला साधारण अर्ध्या लांबीपर्यंत एक लांबट, जिभेच्या आकाराचे, फिकट पोपटी पान चिकटलेले असते. वनस्पतिशास्त्रात त्याला छद म्हणतात. फुले गळून वाटाण्याएवढी गोल फळे धरली की हा छद वाळून तपकिरी होतो आणि पुढे फळांचा झुबका घेऊन गरगर फिरत खाली येतो. म्हणून मी जर्मनीत प्रशिक्षणासाठी काही आठवडे होते तेव्हा, झाड ओळखायचे झाले की वर पाहण्याआधी पायाखाली पाहत असे. जिभेसारखे वाळके पान आणि त्याच्या मधोमध निघालेल्या देठावर दोन-चार गोळ्या, असे दृश्य फुटपाथवर दिसले की ते लिंडन. दुसरे काही असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

फुले-फळे नसतील, तर काही खुणा एकत्र पाहाव्या लागतात. पाने फांदीवर आळीपाळीने आणि एकाच पातळीत दोन ओळींत येतात, फांदी किंचित नागमोडी वाढते. पानाच्या बुडाशी हृदयाची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असते, म्हणजे पान देठाशी तिरके बसल्यासारखे दिसते. हिवाळ्यात पाने झडल्यावर फांदीवर उरणारे डोळे, म्हणजे पुढच्या फुटीचे मिटलेले कोंब, टपोरे, बहुधा लालसर असतात आणि त्यांवर दोन-तीनच खवले दिसतात. असा डोळा चावून पाहिला तर तोंडात बुळबुळीत लागतो. हा बुळबुळीतपणा ओळखीचा वाटेल. लिंडनचे कुल पूर्वी स्वतंत्र मानले जाई, मराठीत त्याला परूषक कुल म्हणत; 1998 पासून रूढ झालेल्या नव्या वर्गीकरणात ते भेंडी, कापूस आणि जास्वंद यांच्या कुलात सामावले गेले. भेंडीचा चिकटपणा आणि लिंडनच्या फुलांच्या काढ्याचा घशाला वाटणारा मऊपणा एकाच घरातला आहे. अंबाडी-तागाचा वाख ज्या सालीतून निघतो, तशाच आतल्या सालीच्या वाखाचे दोर युरोपात पुरातन काळापासून लिंडनपासून वळले जात. हे नाते लक्षात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आपल्या रोपाची परीक्षा घरच्या घरी होईल. एक कोवळे पान देठासह तोडावे आणि तुटलेल्या जागी पाहावे. पांढरा दुधासारखा चीक आला तर ते लिंडन नव्हे; ती बहुधा तुती आहे. तुतीचे कोवळे पान लिंडनशी इतके मिळतेजुळते असते की छायाचित्रावर मीही फसले आहे. चीक आला नाही आणि पान दोन्ही बाजूंनी हाताला खरखरीत, केसाळ लागले, तर फालसा, म्हणजे परूषक कुलातलेच एक फळझुडूप, असण्याची शक्यता मोठी. फालसा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बारीक पिवळी फुले धरतो, लिंडनला पहिल्या फुलासाठी पंधरा-वीस वर्षे सहज लागतात. पाने तळहाताहून मोठी, फिकट हिरवी आणि मखमलीसारखी मऊ असतील, तर तिसरीही शक्यता आहे: जर्मनीत ‘घरातले लिंडन’ म्हणून कुंडीत वाढवतात ते दक्षिण आफ्रिकेचे झुडूप. त्याला पांढरी फुले येतात आणि स्पर्श झाला की त्यांचे पुंकेसर बाहेरच्या बाजूला उघडतात. शोभेला ते छानच, पण ते रस्त्याच्या कडेचे लिंडन नव्हे.

बियांपासून रोप उगवताना आपण पाहिले असते, तर कोणताच संशय उरला नसता. लिंडनची बीजपत्रे, म्हणजे जमिनीतून वर येणारी पहिली दोन पाने, बोटे पसरलेल्या हाताच्या पंजासारखी चिरलेली असतात. तुतीची तशी नसतात. विक्रेता लिंडनचे बी देऊ करत असेल आणि महिन्याभरात उगवेल असे म्हणत असेल, तर त्या बीवर विश्वास ठेवू नये. लिंडनच्या बीला दोन कुलुपे असतात. बाहेरचे कवच टणक आणि आतला अंकुरही निद्रिस्त. आधी काही महिने ओल्या उबेत आणि मग तीन-चार महिने गोठणबिंदूच्या किंचित वरच्या थंडीत ठेवावे तेव्हा ते जागे होते. जमिनीत टाकलेले बी तर बहुधा दुसऱ्या वसंतात, कधी त्याहूनही उशिरा उगवते. शिवाय परदेशातून बी किंवा रोप आणणे हा खासगी शौकाचा मामला नाही. भारतात त्यासाठी 2003 चा वनस्पती संगरोध आदेश आहे. आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. मुलीच्या बॅगेतून चार फळे आणू नयेत, एवढे मी स्पष्ट लिहिते, कारण द्राक्षाच्या जिल्ह्यात नवा रोग किंवा नवी कीड येण्याची किंमत आपल्यापुरती राहत नाही.

समजा, रोप खरोखर लिंडनचे निघाले. तरीही ते नाशिकच्या मातीत लावू नये असे मी म्हणते, आणि त्याचे कारण बहुतेकांना वाटते ते नाही. बहुतेकजण म्हणतात, मे महिन्याचे ऊन सोसणार नाही. ऊन त्रास देतेच. कोरड्या वाऱ्यात पानांच्या कडा करपतात. पण सावली आणि पाणी देऊन उन्हाळा निभावता येतो. न निभावणारी उणीव हिवाळ्याची आहे.

सुमारे 15 वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या आवारासाठी थंड प्रदेशातील झाडांची मोठी मागणी आली होती. परवानाधारक आयातदाराकडून माल आला आणि त्यात लहान पानांच्या लिंडनची पाच फुटी दोन झाडे होती. प्रकल्प अर्ध्यावर थांबला, झाडे माझ्याकडे राहिली. त्र्यंबक रस्त्यावरील माझ्या शेतात शेडनेटखाली मी ती लावली. पहिल्या वर्षी पाने डिसेंबरच्या अखेरीस कशीबशी झडली. फेब्रुवारीत फूट आली, पण प्रत्येक फांदीच्या टोकाचे दोन-तीन डोळेच फुटले, खालचे तसेच राहिले. मी पाण्याचा ताण समजून पाणी दुप्पट केले, ही माझी चूक. काळ्या जमिनीत पाणी साचून एकाची मुळे कुजली आणि ते पावसाळ्याआधीच गेले. दुसऱ्याकडे शेजारचे एक जुने द्राक्ष बागायतदार पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, हे पाण्याचं दुखणं नाही. टोकाचे दोन डोळे फुटलेत आणि मागचे झोपलेत. आमच्या काडीला पेस्ट लावली नाही तर हेच होतं.”

त्यांनी एका वाक्यात सांगितलेले कारण नाशिककरांना समजावणे सोपे आहे. द्राक्षवेल मूळची अशा प्रदेशातली की जिथे हिवाळ्यात ती पाने गाळून झोपते, पुरेशी थंडी भोगते आणि वसंतात सगळे डोळे एकदम उघडते. आपल्याकडे ती थंडी मिळत नाही. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि फळछाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावून त्यांना जबरदस्तीने, एकसारखे जागे करतो. हे रसायन विषारी आहे आणि ते हाताळताना हातमोजे घालावे लागतात. द्राक्षाला हा सगळा उपद्व्याप परवडतो, कारण घड विकून पैसे येतात आणि वेल माणसाच्या उंचीवर मांडवाला बांधलेली असते. तीस फुटी झाडाच्या प्रत्येक डोळ्याला दरवर्षी कोण पेस्ट लावणार?

यावर हमखास येणारी शंका अशी की, निफाडला पारा 5 अंशांखाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, मग थंडी कमी कशी? झाडाच्या लेखी किमान तापमान किती खाली गेले याला फारसे महत्त्व नसते; साधारण 7 अंशांच्या आसपासची थंडी सलग किती आठवडे टिकली याला असते. आपल्याकडे पहाटेची थंडी काही तासांची, आणि दुपारी पारा पुन्हा 28 अंशांवर. अशी उबदार दुपार रात्री साठवलेल्या थंडीचा बराचसा परिणाम पुसून टाकते. लाइपझिगला नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दिवसरात्र थंडीच असते. दुसरी शंका सफरचंदाची. कमी थंडीत फळणारे सफरचंद आता मैदानी भागातही लावले जाते, हे खरे. पण त्यासाठी कमी थंडी पुरणारी वाणे हेतुपूर्वक निवडलेली आहेत. लिंडनचे असे वाण माझ्या पाहण्यात नाही.

माझे दुसरे झाड तीन उन्हाळे जगले. दर वर्षी खालच्या फांद्या अधिकाधिक उघड्या पडत गेल्या, झाड छत्रीच्या काड्यांसारखे दिसू लागले, आणि चौथ्या वर्षी मेअखेरीस ते वाळले. एकदाही फुलले नाही. एका अनुभवावरून नियम करू नये, हे मला मान्य आहे. कुंडीत, गच्चीच्या सावलीत कोणी काही वर्षे लिंडन जगवूही शकेल. पण आपल्याला कुंडीतले कौतुक नको, फाटकाची सावली हवी आहे. काश्मीर किंवा मनालीसारख्या बर्फ पडणाऱ्या ठिकाणी आपली जमीन असती, तर माझे उत्तर वेगळे झाले असते.

आता मुलीच्या परसाबद्दल, आणि इथे निवडीला खरा अर्थ आहे. तिच्याकडे चार नावे कानावर येतील. मोठ्या पानांचे लिंडन सर्वांत आधी, जूनच्या मध्याला फुलते. त्याची कोवळी फांदी आणि पानाची खालची बाजू लवदार असते, झुपक्यात बहुधा तीन फुले लोंबतात आणि फळावर पाच ठळक कंगोरे असतात. ते बोटांनी चिरडत नाही. लहान पानांचे लिंडन त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी फुलते. पान आठ सेंटिमीटरच्या आत, खालून निळसर झाक असलेले, आणि शिरांच्या बेचक्यात गंजाच्या रंगाचे केसांचे बारीक पुंजके. हे पुंजके भिंगाशिवायही दिसतात. त्याच्या झुपक्यात फुले जास्त, आणि ती लोंबण्याऐवजी आडवी-तिरकी उभी राहतात. या दोघांचा संकर जुन्या शहरी रस्त्यांवर खूप आहे. बुंध्यापाशी फुटव्यांचे रान माजलेले दिसले तर तो बहुधा संकर. चौथे चंदेरी लिंडन. वाऱ्यात पान उलटले की खालची पांढरी लव चमकते.

मोठ्या पानांचे लिंडन आणि संकर घराच्या परसात लावू नयेत. दोन्ही तीस मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि दोन्हींवर मावा भरपूर येतो. माव्याचा चिकटा खाली टपकतो, खाली उभी केलेली गाडी आठवड्यात चिकट होते आणि त्यावर काळी बुरशी धरते. आंब्यावर तुडतुडे आल्यावर आपल्या अंगणाची जी अवस्था होते, तशीच. चंदेरी लिंडनवर मावा जवळजवळ येत नाही आणि ते कोरडेपणाही बऱ्यापैकी सोसते. पण ते उशिरा, जुलैत फुलते, आणि त्याखाली मेलेले भुंगे दिसल्याने लोक घाबरतात. त्याच्या मधुरसात विष असते अशी समजूत होती. नंतरच्या अभ्यासांत विष सापडले नाही. त्या सुमारास आसपास इतर फुले संपलेली असतात, सगळे भुंगे त्या एका झाडावर लोटतात आणि उपाशी मरतात, असे मानण्याकडे आता कल आहे.

म्हणून लहान परसासाठी माझी पसंती लहान पानांच्या लिंडनच्या कलमी वाणांना. ‘ग्रीनस्पायर’ सरळ, शंकूसारखे वाढते आणि रस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. ‘रान्चो’ त्याहून लहान राहते आणि मला घरगुती बागेसाठी ते अधिक बरे वाटते. मात्र परस किती मोठा आहे, घर कोणत्या दिशेला आहे आणि शेजाऱ्याची हद्द किती दूर आहे, यावर सर्व अवलंबून आहे. जर्मनीत झाड हद्दीपासून किती अंतरावर असावे याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, ते तिने आधी विचारून घ्यावेत. तिकडे पाने झडल्यानंतर, जमीन गोठलेली नसताना, उघड्या मुळांचे झाड लावतात. ते स्वस्त पडते आणि लवकर रुजते. मुळाचा गळा, म्हणजे खोड आणि मुळे जुळतात ती जागा, मातीत पुरू नये, दोन-तीन खुंटांना सैल बांधावे आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी नियमित द्यावे. तिकडचे उन्हाळे आता कोरडे जाऊ लागले आहेत आणि लिंडनला कोरड्या, तुडवलेल्या जमिनीचा राग आहे. छाटणी मात्र हे झाड विलक्षण सोसते. युरोपात त्याच्या फांद्या एकमेकींत गुंफून खांबांवरच्या हिरव्या भिंती करतात.

आता आपले फाटक. वर मी परूषक कुलाचे नाते लक्षात ठेवण्यास सांगितले होते, ते इथे कामाला येते. सह्याद्रीच्या पानझडी जंगलात त्याच कुलातला धामण नावाचा वृक्ष आहे. नाव ऐकून दचकू नये, सापाचे नाव तेच असले तरी झाड निरुपद्रवी आहे. 18व्या शतकाच्या अखेरीस मार्टिन वाल या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थच ‘लिंडनसारख्या पानांचा’ असा होतो. पान तसेच दातेरी, बुडाशी एका बाजूला तिरके. फुले पिवळी, लहान, झुपक्यांत येणारी, आणि उन्हाळ्याच्या शेवटी त्यांवर मधमाश्या असतात. नंतर काळी, वाटाण्याएवढी आंबटगोड फळे पक्षी खातात. सालीतून वाख निघतो. लाकूड चिवट आणि लवचिक. धनुष्ये, गाडीच्या दांड्या आणि हत्यारांचे दांडे त्याचे करत. आमच्याकडे ज्या झाडाला मी लिंडनचा भाऊ म्हणेन, ते हेच.

धामणीचा दोष हा की वास नावापुरताच. दरवळाची भरपाई दुसऱ्या झाडाने करावी लागेल. चैत्रात फुललेल्या कडुनिंबाखाली संध्याकाळी उभे राहिलात तर लिंडनची आठवण सर्वांत जवळून होईल. तोच हलका, गोडसर, कुठून येतो ते न कळणारा वास. पण कडुनिंब फाटकाशेजारी फार पसरतो. बूच सुगंधी आहे, पण त्याचे लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात आणि मुळांपासून फुटवे येतात. वीजतारांखाली किंवा गाडीच्या जागेवर मी तो लावत नाही. मुचकुंद लिंडनच्याच नात्यातला, रात्री उमलणारी त्याची फुले वाळल्यावरही वास देतात, मात्र ताटाएवढ्या पानांचा कचरा रोज काढावा लागतो. बकुळ हळू वाढते. तीन-चार वर्षे ती आपला अंत पाहील, पण सावली दाट, फांदी मजबूत आणि फुलाचा वास सुकल्यावरही टिकणारा. एका बाजूला धामण आणि दुसऱ्या बाजूला बकुळ, अशी जोडी मी आपल्या जागी लावली असती. फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकसारखी झाडे हवीतच, हा आग्रह मला कधी समजलेला नाही. तसा आग्रह असेल, तर दोन्ही बकुळी लावाव्यात.

भिंतीपासून किमान चार मीटर अंतर ठेवावे. हे आधी ठरवणे महत्त्वाचे, कारण शहरी हद्दीत झाड तोडण्यासाठी 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. झाड चुकीच्या जागी लावले तर ती चूक आपल्याला सहज मागे घेता येत नाही. खड्डा एप्रिलमध्ये मीटरभर लांब, रुंद आणि खोल घ्यावा आणि महिनाभर उन्हात तापू द्यावा. आपल्या भागात वर काळी माती आणि खाली मुरूम लागण्याची शक्यता आहे. निव्वळ काळी असेल तर खड्डा भरताना तिच्यात मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे, आणि झाड सभोवतालच्या पातळीपेक्षा वीतभर उंचवट्यावर बसवावे, म्हणजे पावसाळ्यात बुंध्याशी पाणी थांबणार नाही. रोप उंच दिसते म्हणून घेऊ नये. पिशवी फाडून मुळे पाहावीत. ती तळाशी गुंडाळलेली असतील तर रोप परत करावे, कारण अशी मुळे पुढे आपलाच गळा आवळतात. जूनच्या अखेरीस पाऊस स्थिरावला की लागवड करावी. पहिले दोन उन्हाळे आळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी आणि वर पाचटाचे किंवा वाळक्या पानांचे आच्छादन ठेवावे. रोज थोडे थोडे पाणी दिल्याने मुळे वरच राहतात.

राहिले आपले कुंडीतले रोप. देठ मोडून दूध आले आणि ती तुती निघाली, तर फेकू नका. विक्रेत्याकडे पैसे मागण्याचा हक्क आपल्याला आहेच, पण तुती नाशिकला उत्तम वाढते. कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात, फरशीपासून दूर लावा, कारण तिच्या फळांचे जांभळे डाग फरशीवरून निघत नाहीत. फालसा निघाला तर त्याहून चांगले. दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस तो कंबरेएवढा छाटला की उन्हाळ्यात नव्या काड्यांवर फळे येतात. आणि दूध आले नाही, पान बुडाशी तिरके निघाले, खालून शिरांच्या बेचक्यात तपकिरी पुंजकेही दिसले, तर मला पानाच्या दोन्ही बाजूंची, देठाची आणि डोळ्यांची स्वच्छ छायाचित्रे पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत कुंडी पूर्वेकडच्या भिंतीशी, दुपारच्या सावलीत ठेवा.